काचेचा पक्षपात

पॅरिस. १८०८ सालचा शरद ऋतू, दिवस कललेला. तुम्ही र्यू दांफेर नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात खिडकीपाशी उभे आहात. घरातल्या कुणाला तुम्ही दिसत नाही, तुमचा आवाजही कुणाला ऐकू जात नाही. डोळे तेवढे तुमच्या ताब्यात आहेत, आणि आजच्या संध्याकाळी तेवढे पुरेत. समोर लक्झेम्बर्गचा राजवाडा आहे. पंधरा वर्षांपूर्वी, क्रांतीच्या दहशतीच्या दिवसांत, त्याचा तुरुंग केला होता; आता तिथे नेपोलियनची सिनेट भरते. सूर्य बुडायला आलाय. त्याचं ऊन राजवाड्याच्या तावदानांवर तिरकं पडतंय आणि ती तावदानं पेटल्यासारखी लखलखतायत.

तुमच्या शेजारी तेहतीस वर्षांचा एक लष्करी अभियंता उभा आहे. एतिएन-लुई मालुस. १७९८ मध्ये तो नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला. पुढच्या वर्षी जाफामध्ये त्याला प्लेगनं गाठलं; लोक पटापट मरत होते, हा वाचला. प्रकाशाबद्दलचं त्याचं वेड त्या छावणीतही सुटलं नव्हतं. आता तो पॅरिसमध्ये आहे आणि त्याच्या हातात एक दगड आहे.

दगड नीट पाहून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे दिसणार आहे. काचेसारखा नितळ, पण कुणीतरी एका बाजूनं रेटून कलता केल्यासारखा ठोकळा. एकही कोपरा काटकोनात नाही. हा आइसलंड स्पार, म्हणजे कॅल्साइटचा स्वच्छ स्फटिक. आइसलंडच्या ज्वालामुखी खडकात तो मिळतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही कॅल्साइट सापडतं, झिओलाइटच्या शेजारी बसलेलं. छापील पानावर हा ठोकळा ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिननं हे लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून युरोपातल्या बुद्धिमान माणसांना या दगडानं स्वस्थ बसू दिलेलं नाही. याच वर्षी जानेवारीत पॅरिसच्या इन्स्टिट्यूटनं त्यावर बक्षीस लावलंय: या दुहेरी अपवर्तनाचा गणिती सिद्धांत द्या आणि तो प्रयोगानं पडताळून दाखवा. मालुस त्याच कामात बुडालेला आहे. मोजमापं, तक्ते, बीजगणित. राजवाड्याच्या खिडक्यांचा त्या बक्षिसाशी काही संबंध नाही. त्यानं सहज म्हणून स्फटिक डोळ्यापाशी नेला आहे.

त्याच्या डोळ्याच्या जागी तुमचा डोळा ठेवा. तावदानातला सूर्य दोन झालाय, हे तर अपेक्षितच. आता स्फटिक बोटांत हळूहळू फिरवा. दोन सूर्यांपैकी एक फिका पडू लागतो. आणखी फिरवा. तो जवळजवळ विझतो आणि दुसरा तेवढाच उजळतो. पाव फेरा पुरा केला की अदलाबदल होते: विझलेला पेटतो, पेटलेला विझतो. आता स्फटिक तसाच धरून वळा आणि थेट सूर्याकडे, किंवा त्याच्याजवळच्या उजळ ढगाकडे पाहा. (थेट सूर्याकडे नका पाहू, १८०८ मध्येही डोळे तेच असतात.) ढगाच्या कडेच्या दोन्ही प्रतिमा सारख्या उजळ, कितीही फिरवलं तरी सारख्याच. म्हणजे करामत सूर्याची नाही, तावदानाची आहे.

मालुसच्या छातीत काय झालं असेल ते कळायला तुम्हाला त्या काळचं एक ज्ञान उसनं घ्यावं लागेल. कॅल्साइटमधून बाहेर पडलेले दोन किरण साध्या प्रकाशासारखे राहत नाहीत, हे हायगेन्सनं १६९० मध्येच छापलं होतं. त्यांना दुसऱ्या कॅल्साइटमधून पाहिलं की फिरवताना ते असेच फिके आणि उजळ होतात. कुणाला उलगडत नव्हतं, पण कुणी घाबरतही नव्हतं, कारण दोष विचित्र स्फटिकावर टाकता येत होता. मघाशी मात्र किरण कुठल्याही पहिल्या स्फटिकातून आलाच नव्हता. तो एका खिडकीच्या काचेवर आपटून आला होता. जे गुपित आइसलंडच्या दगडात कोंडलंय असं सव्वाशे वर्षं मानलं जात होतं, ते पॅरिसच्या प्रत्येक तावदानावर रोज संध्याकाळी उघड्यावर पडलेलं होतं.

सूर्य गेला. तुम्हाला वाटेल, आजचा खेळ संपला. मालुसला तसं वाटत नाही. आरागो हा त्याचा सहकारी पुढे सांगतो की आधी मालुसला शंका हवेची आली: इतक्या लांबून, इतक्या खालून येणाऱ्या उन्हाचं वातावरणानं काही केलं असेल का? म्हणून त्यानं त्याच रात्री मेणबत्ती लावली. तीच रात्र आता सुरू होतेय.

टेबलावर पाण्याचं भांडं आहे. पलीकडे ज्योत. तुम्ही पाण्यातलं ज्योतीचं प्रतिबिंब स्फटिकातून पाहताय आणि डोळा हळूहळू खाली नेताय. फार वरून पाहिलं तर दोन्ही प्रतिमा दिसतात. अगदी पाण्याच्या पातळीला आलात तरी दोन्ही दिसतात. मधे एक जागा येते, पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३६ अंशांची, जिथे स्फटिक योग्य फिरवला की एक ज्योत पूर्ण नाहीशी होते. फिकी नाही, नाहीशी. त्या जागेवर जरा थांबा. खिडकीत मघाशी जे अर्धंमुर्धं दिसलं ते इथे निखळ आहे. हवेचा प्रश्न मिटला. मेणबत्ती आणि डोळा यांच्यामध्ये एका खोलीइतकीही हवा नाही.

मग पाणी बाजूला सारून काच. काचेचा कोन पाण्यापेक्षा थोडा वेगळा निघतो. मालुस नोंदवतो: काचेला लंब असलेल्या स्तंभिकेपासून ५४ अंश ३५ मिनिटं, पाण्याला ५२ अंश ४५ मिनिटं. हे आकडे लक्षात असू द्या; त्यातल्या एकाशी पुढे आपलं काम आहे.

आणि आता या सगळ्या कथेतला मला सर्वांत प्रिय असलेला प्रयोग. इथे स्फटिकच लागत नाही. दोन काचा घ्या. पाठीमागून काळ्या करा म्हणजे मागचं काही दिसून घोटाळा होणार नाही. पहिली काच अशी धरा की उजेड तिच्यावर त्या खास कोनात पडून खाली जाईल. खाली दुसरी काच, तिच्यावरही तोच कोन. दोन्ही काचा एकमेकींना समांतर असल्या की दुसऱ्या काचेत ज्योत दिसते, साधीसुधी. आता दुसऱ्या काचेचा कल तसाच ठेवून तिला फक्त खाली उतरणाऱ्या किरणाभोवती फिरवा, जसं छत्रीची मूठ हातात फिरवतात तसं. कोन तोच. काच तीच. किरण तोच. तीस अंश फिरवल्यावर ज्योतीचा पाऊण उजेड उरतो, पंचेचाळीसवर अर्धा, साठवर पाव. नव्वदवर अंधार. दुसऱ्या काचेनं परावर्तन करायला साफ नकार दिलाय. आणखी नव्वद अंश फिरवलंत की ज्योत पुन्हा पूर्ण तेजानं हजर.

जो आरसा उत्तरेकडे तोंड असताना प्रतिबिंब देतो आणि पूर्वेकडे तोंड केल्यावर देत नाही, तो आरसा तुम्ही आत्ता पाहिलात. शाळेत आपल्याला शिकवलेला परावर्तनाचा नियम, आपाती कोन बरोबर परावर्तन कोन, कुठेही मोडलेला नाही. पण किरण कुठल्या दिशेला जाईल एवढंच तो नियम सांगतो. किती जाईल याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. उजेडाला पुढे-मागे सोडून आणखीही काही बाजू आहेत, हे दोन काचांनी सिद्ध केलं.

१२ डिसेंबर १८०८ रोजी मालुस हे इन्स्टिट्यूटला कळवतो. १८१० मध्ये बक्षीस त्यालाच मिळतं. प्रकाश म्हणजे कण, आणि त्या कणांना ध्रुव असतात, असं तो मानत होता. १८११ मध्ये त्यानं या गुणधर्माला ध्रुवण हे नाव दिलं. फ्रान्स आणि इंग्लंड एकमेकांचे गळे धरून असताना लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला रम्फर्ड पदक दिलं, आणि त्याचं पत्र लिहिलं थॉमस यंगनं. हा यंग प्रकाशाला तरंग मानणारा, म्हणजे युद्धातही शत्रू आणि सिद्धांतातही विरोधी. ते पत्र पाठवलं गेलं याचा मला आजही आनंद होतो. मालुसला मात्र पुढची वाट चालायला मिळाली नाही. २४ फेब्रुवारी १८१२ रोजी क्षयानं तो गेला. छत्तीस वर्षांचा होता.

थांबा. पुढच्या शहरात जाण्याआधी काच नेमकं काय करते ते पाहून घ्या, कारण तुम्ही मालुसच्या खोलीत असलात तरी तुमचं डोकं दोनशे वर्षं पुढचं आहे.

प्रकाशतरंग ज्या दिशेनं जातो तिला काटकोनात त्याचं विद्युत क्षेत्र कंप पावतं. काचेवर तिरका येणारा किरण असेल तर त्या कंपनाचे दोन भाग पाडता येतात. एक भाग काचेच्या पृष्ठभागाला समांतर, आडवा. दुसरा आपाती प्रतलात, म्हणजे काचेत टोक खुपसणारा. सूर्याच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात दोन्ही सारख्या प्रमाणात असतात, म्हणून त्यांचा भेद डोळ्याला कळत नाही. काच मात्र दोघांना वेगळी वागणूक देते. तळ्यात चपटा खडा आडवा भिरकावला तर तो टप्पे घेत जातो, उभा टाकला तर डुबुक करून आत शिरतो. आडवं कंपन परत उसळतं आणि खुपसणारं आत शिरतं, एवढ्यापुरता तो खडा इथे चालेल. खरं कारण खड्याच्या चपटेपणात नाही. काचेतले विद्युतभार तरंगाबरोबर डोलू लागतात आणि त्यांच्या डोलण्यातूनच परत येणारा किरण तयार होतो. डोलणारा भार स्वतःच्या डोलण्याच्या रेषेत प्रकाश फेकू शकत नाही. तेव्हा काचेत गेलेला किरण आणि परत जाऊ पाहणारा किरण हे एकमेकांशी काटकोन करत असतील, तर प्रतलातल्या कंपनानं हलवलेले भार नेमके परावर्तित किरणाच्याच रेषेत डोलत असतात. त्या दिशेला ते काहीच पाठवू शकत नाहीत. म्हणून ती ज्योत नाहीशी झाली. उरलेलं सगळं आडवं कंपन होतं, आणि स्फटिकानं किंवा दुसऱ्या काचेनं तेवढंच अडवलं की हातात शून्य.

आकड्यांत सांगायचं तर १.५ अपवर्तनांकाची काच घ्या. उजेड सरळ समोरून पडला तर एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत येतो, दोन्ही कंपनांचा सारखाच. तिथे काच निःपक्ष आहे. काच ४५ अंशांत कलती करा: आडव्या कंपनाचा ९.२ टक्के परत येतो आणि प्रतलातल्याचा जेमतेम ०.८५. जवळजवळ अकरा पट फरक. ५६.३ अंशांवर आडव्याचा १४.८ आणि दुसऱ्याचा शून्य. त्याही पुढे जाऊन काचेला घासत जाणारा उजेड घेतलात तर दोघेही शंभराकडे धावतात, आणि भेद पुन्हा मिटतो.

आत शिरलेल्या उजेडाचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. परत आलेल्यात जे जास्त, ते आत गेलेल्यात तेवढंच कमी. तावदानापलीकडे, राजवाड्याच्या दालनात जो उजेड पडला होता, त्यात प्रतलातल्या कंपनाचा वाटा थोडा अधिक होता. मालुसनं हेही पाहिलं. आत जाणारा उजेड एका काचेत पुरता निवडला जात नाही. पण त्याच कोनात काचेवर काच, काचेवर काच रचत गेलात तर प्रत्येक पृष्ठभाग आडवं कंपन थोडं थोडं वेचून बाहेर फेकतो आणि शेवटच्या काचेतून जवळजवळ शुद्ध ध्रुवित किरण निघतो. आरागो आणि भौतिकशास्त्रज्ञ बियो यांच्या पिढीनं अशा काचांच्या चळती वापरून प्रयोग केले.

चला एडिंबराला. साल १८१५ च्या अलीकडचं. इथे फार वेळ थांबायचं नाही, पण ते दोन आकडे आठवा. मालुसनं खूप पदार्थ तपासून जाहीर केलं होतं की हा ध्रुवणाचा कोन अपवर्तनाच्या क्रमानं जात नाही. पदार्थागणिक वेगळा, त्यात सूत्र नाही. डेव्हिड ब्रूस्टर ते सूत्र शोधतोय. पाणी, रत्नं, स्फटिक, जे हाताला लागेल ते. सगळं छान जुळतं, फक्त काच जुळत नाही. एकाच काचेच्या दोन बाजूंना दोन कोन निघतात. निराश होऊन तो काम बाजूला ठेवतो. पुन्हा हाती घेतो तेव्हा उमगतं की काचेचा पृष्ठभाग हवेनं, ओलाव्यानं, वापरानं बदललेला असतो. आतली काच एक आणि कातडी दुसरी. ती अडचण ओलांडल्यावर नियम समोर उभा राहतो: या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच पदार्थाचा अपवर्तनांक. आता मालुसचा ५४ अंश ३५ मिनिटं हा कोन या नियमात घालून पाहा. अपवर्तनांक येतो १.४ च्या थोडा वर. साध्या काचेचा असतो १.५ च्या आसपास. दोन अंशांहून कमी चूक, आणि तेवढ्यानं एक नियम त्या थोर माणसाच्या हातून निसटला. पाण्याचा त्याचा आकडा मात्र खऱ्याच्या अर्ध्या अंशाच्या आत होता. पाण्याला कातडी धरत नाही.

(काचांच्या जोडीत वारंवार परावर्तन घडवून ध्रुवण तपासतानाच ब्रूस्टरला आणखी एक गोष्ट सुचली, जी तुम्ही जत्रेत डोळ्याला लावून फिरवली असेल: कॅलिडोस्कोप.)

पुन्हा पॅरिस, ७ जानेवारी १८२३. अकादमीत ऑग्युस्तँ फ्रेनेल या रस्ते-पुलांच्या अभियंत्याचा निबंध सादर होतोय. प्रकाश हा आडवा कंप पावणारा तरंग आहे हे धाडसी विधान त्यानं दोन वर्षांपूर्वी केलंय, आणि आता तो शेवटचा हिशेब मांडतोय: कुठल्याही कोनात, कुठल्याही काचेवर, कुठल्या कंपनाचा किती भाग परत येईल. दोन सूत्रं. मी वर दिलेले सगळे टक्के त्यातूनच निघतात. मालुसची खिडकी, पाण्यावरची ज्योत, ब्रूस्टरचा टॅन्जंट, सगळं त्या दोन ओळींत बसलंय. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून सात दशकं आहेत. फ्रेनेलनं इथरच्या, म्हणजे प्रकाशतरंग ज्यातून जातात असं तेव्हा मानलेल्या माध्यमाच्या, लवचीकपणाबद्दल काही गृहीतं धरून ही सूत्रं काढली, आणि गृहीतं गेली तरी सूत्रं राहिली. निबंधाचं हस्तलिखित पुढे हरवलं. ते गणितज्ञ फूरियेच्या कागदपत्रांत सापडलं आणि १८३१ मध्ये छापलं गेलं. तोवर फ्रेनेलला जाऊन चार वर्षं झाली होती. तोही क्षयानं, एकोणचाळिसाव्या वर्षी.

या सूत्रांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. ती फक्त किती उजेड परत येईल हे सांगत नाहीत; परत येताना तरंग सुलटा येतो की उलटा, हेही सांगतात. ब्रूस्टरचा कोन ओलांडताच प्रतलातल्या कंपनाचं चिन्ह बदलतं, आडव्याचं तसंच राहतं. दोघांचं मिश्रण असलेला तिरपा ध्रुवित किरण पाठवलात तर परावर्तनानंतर त्याचं प्रतल फिरलेलं मिळतं. किती फिरलं ते फ्रेनेलनं काच आणि पाण्यावर मोजून सूत्राशी ताडून पाहिलं होतं. धातूच्या आरशात तर याहून गुंतागुंत होते. तिथे दोन कंपनं अर्धवट मागेपुढे होऊन परततात आणि सरळ रेषेत डोलणारा प्रकाश लंबवर्तुळात फिरू लागतो. ब्रूस्टरनं धातूंचं हे वागणं १८३० च्या सुमारास तपासलं.

आता एक मोठी उडी. ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड, १८८७. तळघरात दगडाची जाड फरशी पाऱ्यावर तरंगतेय. तिच्या मधोमध ४५ अंशांत कलती उभी आहे अर्धवट परावर्तन करणारी काच. अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मॉर्ली पृथ्वीचा इथरमधला वेग शोधतायत. तो त्यांना सापडणार नाही, आणि न सापडण्यामुळेच ते अमर होतील. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फक्त मधल्या काचेकडे बघा.

ती किरणाचे दोन भाग करते: एक परावर्तित होऊन एका भुजेत जातो, दुसरा आरपार होऊन दुसऱ्या भुजेत. दोन्ही आरशांवरून परततात, त्याच काचेवर पुन्हा भेटतात आणि डोळ्याकडे येतात, तिथे काळ्या-उजळ पट्ट्या दिसतात. तिरक्या काचेचा पक्षपात पाहिलेला असल्यानं तुम्ही लगेच अडखळायला हवं. समजा मधे नुसती काच आहे आणि तिचा एकच पृष्ठभाग हिशेबात धरला. मग परावर्तित भुजेत आडवं कंपन अकरा पट जास्त गेलं, आरपार भुजेत प्रतलातलं थोडं जास्त. दोन भुजांतले प्रकाश सारखे नाहीतच. मग त्यांचं व्यतिकरण होऊन इतक्या स्वच्छ पट्ट्या दिसतातच कशा?

पहिल्या भुजेतला किरण काचेवर आधी परावर्तित झाला, आणि परतताना आरपार गेला. दुसऱ्या भुजेतला आधी आरपार गेला, आणि परतताना परावर्तित झाला. प्रत्येकानं एकदा हे आणि एकदा ते केलं, फक्त क्रम उलटा. गुणाकारात क्रमाला महत्त्व नाही. म्हणून डोळ्यापाशी पोचताना आडव्या कंपनाचे दोन्ही वाटे आपापसांत समान, प्रतलातल्या कंपनाचेही दोन्ही वाटे आपापसांत समान. पट्ट्यांचा काळेपणा शाबूत. हा समतोल पहिल्यांदा नीट समजला तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. यंत्राच्या रचनेत इतकं सौंदर्य क्वचित दिसतं. पण पक्षपात पुसला गेला असं समजू नका. नुसत्या काचेच्या बाबतीत डोळ्याकडे येणाऱ्या उजेडात आडवं कंपन दुसऱ्याच्या जवळजवळ दहा पट असतं. आणि त्याच काचेवरून उगमाकडे परत जाणाऱ्या उजेडाला तर हा समतोलही लाभत नाही: तिथे एक वाटा दोनदा परावर्तित झालेला असतो आणि दुसरा दोनदा आरपार गेलेला.

विसाव्या शतकात या पक्षपाताला लोकांनी कामाला जुंपलं. १९४६ मध्ये मॅकनील या संशोधकाला एका घन ठोकळ्याचं पेटंट मिळालं: दोन त्रिकोणी लोलक कर्णावर चिकटवलेले, आणि त्या कर्णावर कमी-जास्त अपवर्तनांकाचे पातळ थर आळीपाळीनं चढवलेले. थरांमधल्या प्रत्येक सीमेवर प्रकाश नेमका ब्रूस्टरच्या कोनात पडेल अशी योजना. परिणाम असा की प्रतलातलं कंपन एकाही थरावर न अडखळता सरळ निघून जातं, आणि आडवं कंपन थराथरानं परत फिरत जवळजवळ सगळं काटकोनात वळतं. जुन्या चळतीतल्या काचांच्या जागी तरंगलांबीहून पातळ थर आले. सीडी वाचणाऱ्या यंत्रांतही किरणाची जाणारी आणि येणारी वाट वेगळी करायला असे ध्रुवण पाहून दुभागणारे पृष्ठभाग वापरले गेले.

शेवटचा मुक्काम तुमच्याच काळातला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारं हे यंत्र मुळात मायकेलसनचंच आहे, फक्त भुजा चार-चार किलोमीटरच्या. मधे ४५ अंशांत किरण दुभागणारा आरसा आणि त्यावर पडणारा लेसर आधीच एका दिशेनं ध्रुवित केलेला. ते तसंच हवं, कारण एका कंपनासाठी निम्मा-निम्मा वाटणारा लेप त्याच कोनात दुसऱ्या कंपनासाठी तेच प्रमाण राखत नाही.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर असा एखादा आरसा तुमच्या हाती आला आणि डबीवर ५०:५० छापलेलं असलं, तर लेसरसमोर तो ४५ अंशांत लावा आणि दोन्ही किरणांची शक्ती मोजा. मग लेसरचं ध्रुवण नव्वद अंश फिरवून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतील, कारण डबीवरचा आकडा साधारणपणे दोन्ही कंपनांची सरासरी असतो. त्यानंतर पंचेचाळीस अंशांचं तिरपं ध्रुवण पाठवून पाहा: लेपात धातू असेल तर परत आलेला किरण पोलरॉइड या ध्रुवक पट्टीच्या कुठल्याच स्थितीत पुरता विझणार नाही, कारण तो आता लंबवर्तुळात फिरतोय. असा आरसा मागवताना म्हणूनच तीन गोष्टी लिहाव्या लागतात: तरंगलांबी, कोन आणि ध्रुवण. पहिल्या दोन सगळे लिहितात.